क्लायंटचं खातं वेगळं ठेवलं म्हणजे क्लायंटचा पैसा वेगळा राहिला असं होत नाही

ब्रोकिंग फर्ममध्ये स्टाफला क्लायंटच्या पैशांबद्दल ट्रेनिंग देताना दोन वेगळ्या गोष्टी कायम एकाच वाक्यात उरकल्या जातात, आणि ते बघून आता खरंच वैताग आलाय. पहिली गोष्ट, ब्रोकरने क्लायंटचा पैसा स्वतःसाठी वापरायचा नाही. दुसरी, एका क्लायंटचा पैसा दुसऱ्या क्लायंटसाठी वापरायचा नाही. स्लाइडवर दोन्ही मिळून एकच ओळ असते, 'क्लायंट फंड्स वेगळे ठेवा', सगळे माना डोलावतात, चहा होतो, आणि दुसऱ्या दिवशी डेस्कवर बसल्यावर दुसरी चूक जशीच्या तशी चालू राहते, कारण ती चूक आहे हेच कुणाला कळलेलं नसतं.

पहिलीबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्हाला माहितीये. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, १८ नोव्हेंबर १९९३ च्या सर्क्युलरमध्येच क्लायंटचा पैसा वेगळ्या खात्यात आणि ब्रोकरचा स्वतःचा वेगळ्या खात्यात हे सक्तीचं केलं. क्लायंट खात्यातून ऑफिसचं भाडं जात नाही, पगार जात नाहीत, मालकाचा प्रोप्रायटरी ट्रेड, म्हणजे स्वतःसाठी केलेला सौदा, तर नाहीच नाही. ऑथराइज्ड पर्सनने, म्हणजे ज्याला आपण अजून सब-ब्रोकर म्हणतो त्याने, स्वतःच्या नावावर क्लायंटकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, रोख कुणीच घ्यायची नाही, भावाच्या यूपीआयवरून आलेले पैसे क्लायंटच्या लेजरला, म्हणजे ब्रोकरकडच्या त्याच्या हिशेबाच्या खात्याला, टाकायचे नाहीत. कार्व्ही या ब्रोकरने क्लायंटचे शेअर्स गहाण ठेवून कर्ज उचललं आणि २२ नोव्हेंबर २०१९ ला सेबीचा आदेश आला, ते उदाहरण प्रत्येक ट्रेनिंगमध्ये असतं आणि असायलाच पाहिजे. पण त्याचा एक तोटा झाला. लोकांच्या डोक्यात बसलं की क्लायंटचा पैसा वापरणं म्हणजे मालकाने तो उचलणं, आणि आपला मालक सरळ आहे म्हणजे आपल्याकडे सगळं ठीक आहे.

आता दुसरी. ही चोरीसारखी दिसत नाही, हीच अडचण आहे. इथे कुणी पैसे उचलत नाही, कुठली एंट्री खोटी नसते, आणि बऱ्याचदा कुणी बटणसुद्धा दाबलेलं नसतं. कसं होतं ते बघा. एका क्लायंटने सोमवारी १० लाखांचे शेअर्स विकले, त्याच दिवशी दुसऱ्याने १० लाखांचे घेतले. क्लिअरिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एक्सचेंजवरच्या सौद्यांची देवघेव पुरी करणारी संस्था, ब्रोकरकडून पैशांचा एकच निव्वळ आकडा मागते, तो आला शून्य. मंगळवारी सेटलमेंट झाली, काही आलं नाही काही गेलं नाही. विकणाऱ्याच्या लेजरला १० लाख क्रेडिट (त्याला द्यायचे) दिसतंय, घेणाऱ्याच्या लेजरला १० लाख डेबिट (त्याच्याकडून यायचे) दिसतंय, आणि घेणारा म्हणतोय 'गुरुवारी टाकतो पैसे'. विकणाऱ्याचे १० लाख कुठे आहेत? कुठेच नाहीत. क्लायंट बँक खात्यात ते आलेच नाहीत, ते घेणाऱ्याच्या खरेदीत गेले. ब्रोकरने त्या दिवशी स्वतःच्या खिशातून १० लाख घातले नाहीत तर विकणाऱ्याने घेणाऱ्याला उधार दिलं असा त्याचा अर्थ होतो, आणि विकणाऱ्याला हे माहीत पण नाही.

हे सांगितलं की हमखास उत्तर येतं, 'अहो पण टोटल टॅली होतंय ना.' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, म्हणून आकडे घेऊनच दाखवतो. समजा क्लायंट बँक खात्यांत मिळून ८० लाख आहेत आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे १ कोटी २० लाख ठेवलेत, म्हणजे हातात एकूण २ कोटी. लेजरमध्ये क्रेडिटवाल्या क्लायंट्सची बेरीज २ कोटी ३० लाख, डेबिटवाल्यांची ४५ लाख. बॅक ऑफिसमधला माणूस काय करतो, २ कोटी ३० लाखातून ४५ लाख वजा करतो, उत्तर आलं १ कोटी ८५ लाख, आपल्याकडे २ कोटी आहेत, म्हणजे १५ लाख जास्तच आहेत, आणि तो निवांत घरी जातो. पण ते ४५ लाख त्याला ज्यांच्याकडून यायचेत ते लोक वेगळे आहेत आणि २ कोटी ३० लाख ज्यांना द्यायचेत ते लोक वेगळे आहेत. क्रेडिटवाल्यांनी आज सगळे पैसे मागितले तर द्यायला २ कोटीच आहेत, ३० लाख कमी. तेच आकडे, तीच संध्याकाळ, एका हिशेबाने १५ लाख जास्त आणि दुसऱ्या हिशेबाने ३० लाख कमी. डेबिटवाल्यांच्या ४५ लाखांपैकी १५ लाख ब्रोकरने स्वतःचे घातले आणि उरलेले ३० लाख बाकीच्या क्लायंट्सचे गेले, एवढाच त्याचा अर्थ.

सेबीने २६ सप्टेंबर २०१६ च्या सर्क्युलरमध्ये नेमका हाच हिशेब दिलाय आणि माझ्या मते स्टाफला शिकवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ए म्हणजे क्लायंट बँक खात्यांतली शिल्लक, बी म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे ठेवलेलं, सी म्हणजे क्रेडिट क्लायंट्सची बेरीज. ए अधिक बी हे कायम सी इतकं किंवा त्याहून जास्त पाहिजे, कधीतरी नाही, कायम. नीट बघा, या तुलनेत डी, म्हणजे डेबिट क्लायंट्सची बेरीज, कुठेच वजा केलेली नाही. डी येतो नंतर, तूट निघाली तरच. तूट डीपेक्षा कमी असेल तर एका क्लायंटचा पैसा दुसऱ्यासाठी गेलाय असं धरायचं. तूट डीपेक्षा जास्त असेल तर डीएवढा दुसऱ्या क्लायंट्ससाठी गेला आणि वरचा ब्रोकरने स्वतःसाठी वापरला असं धरायचं. वरच्या उदाहरणात तूट ३० लाख आणि डेबिट ४५ लाख, म्हणजे सगळी तूट दुसऱ्या प्रकारातली. तेच डेबिट २० लाखच असतं तर २० लाख क्लायंट-क्लायंटमध्ये गेले आणि १० लाख ब्रोकरने वापरले असं निघालं असतं.

आता हे पक्कं लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. डेबिट वजा करून जो हिशेब करतात तो फक्त पहिली चूक पकडतो. मालकाने पैसे उचलले असतील तरच तो मायनसमध्ये जातो. एका क्लायंटचा पैसा दुसऱ्याला गेला असेल तर तो हिशेब कायम ओके दाखवणार, तूट डेबिटच्या आत आहे तोपर्यंत. म्हणजे ज्या ऑफिसात नेट करून बघायची सवय आहे तिथे दुसरी चूक वर्षानुवर्षं चालली तरी दिसणार नाही, आणि दिसेल तेव्हा इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाला दिसेल.

बँकेतून किंवा पतसंस्थेतून ब्रोकिंगमध्ये आलेल्या लोकांना हे जास्त जड जातं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तिथे ठेवीदाराचा पैसा कर्जदाराला देणं हाच धंदा आहे, ठेव ठेवली की तो पैसा बँकेचा होतो आणि बँक ठेवीदाराची देणेकरी होते, त्यासाठी बँकांना रिझर्व्ह बँकेचे वेगळे नियम आहेत, राखीव निधी आहे, बँकेच्या ठेवींना विमा आहे. ब्रोकरकडे आलेला पैसा ब्रोकरचा होतच नाही. तो ज्या क्लायंटने दिला त्याचाच राहतो आणि त्याच्याच व्यवहारासाठी वापरायचा असतो. त्यामुळे 'पैसा नुसता पडून आहे, फिरवला तर काय बिघडलं' हा विचार बँकेत बरोबर असेल, इथे नाही.

यावर ज्या सबबी येतात त्यात तीन ठरलेल्या आहेत. पहिली, 'शेअर्स आहेत ना आपल्याकडे, नाही दिले पैसे तर विकू.' ठीक आहे, पण ती हमी ब्रोकरच्या उधारीसाठी आहे, विकणाऱ्या क्लायंटने कधी म्हटलं की माझे पैसे त्या शेअरच्या भरवशावर ठेवा? भाव पडला तर रिस्क कुणाची? म्हणून तर पे-इनपासून, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनला पैसे भरायच्या दिवसापासून, पाचव्या ट्रेडिंग दिवसानंतरही डेबिट राहिलं तर त्या क्लायंटला पुढे एक्स्पोजर द्यायचं नाही, म्हणजे उधारीवर नवे सौदे करू द्यायचे नाहीत, असा नियम आहे, आणि डीलर मंडळींनी 'जुना क्लायंट आहे, ओळखीचा आहे' करून तो वाकवायचा नसतो.

दुसरी सबब, 'क्लायंटने परवानगी दिलीये.' मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी, म्हणजे एमटीएफ, यात ब्रोकर क्लायंटला उघडपणे पैसे देतो, आणि तिथेही सेबीच्या २०१७ च्या सर्क्युलरमध्ये स्वच्छ लिहिलंय की पैसा ब्रोकरचा स्वतःचा किंवा बँक, एनबीएफसी (वित्त कंपनी) अशा ठरवून दिलेल्या ठिकाणांहून घेतलेला पाहिजे, एका क्लायंटचा पैसा दुसऱ्याच्या एमटीएफला वापरायचा नाही, पहिल्याने परवानगी दिली असली तरी नाही. व्हॉट्सअॅपवरचा 'ओके' दाखवून काही होत नाही.

तिसरी सबब आपल्याकडे सगळ्यात जास्त चालते, 'एकाच घरातले आहेत हो.' काकांच्या खात्यात क्रेडिट, काकूंच्या खात्यात डेबिट, आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) म्हणतो जुळवून टाका, काका काही बोलणार नाहीत. काका बोलणार नाहीत हे खरं असेल, पण काकूंचं लेजर वेगळं, पॅन वेगळा, त्या वेगळ्या क्लायंट आहेत. रनिंग अकाउंट, म्हणजे ब्रोकरकडे पडून असलेली क्लायंटची शिल्लक, सेटल करताना एका क्लायंटचं दुसऱ्यात अॅडजस्ट करायचं नाही हे सेबीने २००९ मध्येच सांगितलंय. काकांना मदत करायचीये तर त्यांनी पे-आउट घ्यावा, म्हणजे आपले पैसे ब्रोकरकडून परत मागवावेत, बँकेतून काकूंच्या खात्यात पैसे टाकावेत, काकूंनी त्यांच्या बँकेतून ब्रोकरला पाठवावेत. लांबचा रस्ता आहे, पण तोच आहे.

बाकीच्या ज्या जोड्यांत लोक गोंधळतात त्या किरकोळ आहेत. क्लायंट बँक खातं आणि सेटलमेंट खातं, एकात क्लायंटशी देवघेव, दुसऱ्यात क्लिअरिंग कॉर्पोरेशनशी. पे-आउट आणि रनिंग अकाउंट सेटलमेंट, एक क्लायंट मागतो तेव्हा, दुसरं न मागता महिन्याच्या किंवा तिमाहीच्या ठरलेल्या शुक्रवारी-शनिवारी. झालं, यावर अर्धा तास घालवू नका.

'२०२३ पासून क्लायंटचा पैसा रोज संध्याकाळी क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे अपस्ट्रीम होतो, म्हणजे वर पाठवला जातो, मग हा प्रश्न उरलाच कुठे' असंही ऐकू येतं. अपस्ट्रीमिंगने पहिल्या चुकीला मोठा चाप बसला हे मान्य, आणि ते फार चांगलं झालं. पण जो पैसा सकाळीच दुसऱ्याच्या पे-इनमध्ये गेला तो संध्याकाळी वर पाठवणार कुठून? ए अधिक बी आणि सी हा हिशेब करावाच लागतो. दुसऱ्या चुकीवर खरा उपाय म्हणजे पैसा क्लायंटच्या नावानिशी ओळखला जाणं. २०२२ पासून क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडचं कोलॅटरल, म्हणजे तिथे ठेवलेलं तारण, क्लायंटवाइज दाखवावं लागतं, आणि जानेवारी २०२४ पासून आलेली यूपीआय ब्लॉकची सोय तर मला सगळ्यात आवडते, त्यात पैसा क्लायंटच्याच बँकेत ब्लॉक राहतो आणि तिथून थेट क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातो, ब्रोकरच्या खात्यात येतच नाही, त्यामुळे दोन्ही चुका करायला जागाच नाही. स्टाफने क्लायंटला ही सोय आहे हे आपणहून सांगावं असं माझं ठाम मत आहे, फ्लोट, म्हणजे ब्रोकरकडे पडून राहणारा पैसा, कमी होतो म्हणून लपवू नये.

ट्रेनिंग कुणाला द्यायचं यातही चूक होते. क्लायंटचे पैसे किंवा शेअर्स हाताळणाऱ्यांना एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज ७ परीक्षा लागते, सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, पण सर्टिफाइड माणसाच्या हाताखाली साधं क्लार्कचं काम करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. आणि पेमेंटची फाइल बनवून अपलोड करणारा मुलगा बऱ्याचदा त्याच सवलतीत बसतो. त्याला आधी बसवा. कायद्याची कलमं नकोत, त्याच्याच ऑफिसचा कालचा ए, बी, सी आणि डी कागदावर लिहून द्या आणि विचारा की आज सगळ्या क्रेडिटवाल्यांनी पैसे मागितले तर किती कमी पडतात. त्याने डी वजा केला तर तिथेच थांबवा, कुठले लोक कुणाला देणं लागतात हे नावानिशी लिहायला लावा, आणि परत काढायला सांगा. हे जमल्याशिवाय त्याच्या हातात पेमेंट फाइलचा लॉगिन देऊ नका.