युटा-अ‍ॅरिझोना गाडीसहल : निघण्यापूर्वी वाचून घ्या

लास व्हेगासहून झायन, ब्राइस, मोआब, मॉन्युमेंट व्हॅली आणि पेज, असा आपला मार्ग आहे. "एवढ्या दिवसांत एवढीच ठिकाणं?" हे बुकिंगच्या वेळी हमखास विचारलं जातं. ठिकाणं मुद्दाम कमी ठेवली आहेत. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर इथे अर्धा दिवस खातं. मोआबच्या वाटेवर आय-७० महामार्गावर सलायना ते ग्रीन रिव्हर शंभराहून जास्त मैल ना पेट्रोल पंप, ना चहा. शिवाय दगड बघायचे ते सकाळी नाहीतर उतरत्या उन्हात. भर दुपारी आपण सावलीत असू.

ब्राइसचे सुळके वाऱ्याने कोरलेत असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं काम बर्फाचं. दिवसा भेगेत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि दगड फोडतं. तिथला कडा समुद्रसपाटीपासून २४०० मीटरहून उंच आहे, तेव्हा वाळवंट म्हणून स्वेटर घरी ठेवू नका.

मोआबजवळच्या आर्चेस उद्यानात २००० हून जास्त दगडी कमानी आहेत. जमिनीखालचा मिठाचा जाड थर वरच्या भाराने सरकला, फुगला. वरचा वालुकाश्म उभा चिरला, पातळ भिंती उरल्या आणि त्यांना पाण्याने भोकं पाडली. हे अजून चालूच आहे. १९९१ मध्ये लँडस्केप आर्चचा मोठा तुकडा पडला, तेव्हापासून तिच्याखालून जाता येत नाही. वॉल आर्च २००८ मध्ये एका रात्रीत कोसळली. डेलिकेट आर्चला जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर चालणं, चढाचं आणि बिनसावलीचं. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी गाडीने खालच्या व्ह्यू-पॉइंटला यावं. कमान लांबून दिसते, पण दिसते.

मॉन्युमेंट व्हॅली नवाहो या मूळ अमेरिकी जमातीची. राष्ट्रीय उद्यानांचा पास तिथे चालत नाही, ड्रोन आणि दारूला बंदी आहे. आतला १७ मैलांचा रस्ता कच्चा, म्हणून आपण नवाहो गाइडच्या जीपने फिरतो. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीतही नवाहो गाइडशिवाय प्रवेश नाही. लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे अचानक येतो. १९९७ मध्ये ११ पर्यटक त्यात गेले. गाइडने फेरी रद्द केली तर कृपया वाद घालू नका, त्या तिकिटाचे पैसे आम्ही परत देऊ. उन्हाळ्यात पेजचं घड्याळ मॉन्युमेंट व्हॅलीच्या एक तास मागे असतं आणि मोबाइल मधेच गोंधळतो. वेळ ड्रायव्हरला विचारा.

पायवाट सोडू नका. काळसर, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते; एका पावलाने मोडलेली भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. पाणी माणशी रोज ४ लिटर, ते आम्ही देऊ. शाकाहारी मंडळींनी पोहे-उपम्याची पाकिटं जवळ ठेवावीत; पुढचा किराणा मोआबला भरू.