निपाणीचा जखमी कोल्हापूरला की बेळगावला?

निपाणीजवळ महामार्गावर अपघात झाला की जखमीला कुठं न्यायचं, यावरून रस्त्यातच चर्चा सुरू होते. कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, तरी जखमींची वाट काही बदलली नाही. निपाणीकडचे लोक कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठतात, संकेश्वरच्या खालचे बेळगावचं सिव्हिल किंवा केएलई रुग्णालय.

पुणे-बंगळूर रस्ता दुपदरी होता तेव्हा तवंदी घाटाचं नाव काढलं तरी ट्रकवाले सावध व्हायचे. २००० नंतर सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला. दुभाजकामुळे समोरासमोरची धडक टळू लागली, पण वेग वाढला, आणि पलीकडच्या शेतात जाणारा माणूस रस्ता ओलांडायचा थांबला नाही. आतल्या रस्त्यांचं दुखणं वेगळं. उसाचा हंगाम लागला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर कारखान्याकडं निघतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात. ट्रॉली जाते, दगड तिथंच राहतात. मागून येणारा मोटरसायकलवाला ट्रॉलीवर किंवा दगडावर आदळतो, आणि हेल्मेट नसेल तर मार थेट डोक्याला आणि जबड्याला बसतो.

ॲम्ब्युलन्स नव्हती तेव्हा जो टेम्पो थांबेल त्यात जखमीला घालायचे. दोघांनी खांदे धरायचे, दोघांनी पाय, मान लोंबकळलेली, आणि कुणीतरी हमखास तोंडात पाणी ओतायचा. बेशुद्ध माणसाच्या घशात ते पाणी श्वासनलिकेत जातं, आणि मणका मोडलेला असेल तर अशा उचलण्यानं मज्जारज्जू कायमचा दुखावू शकतो. वाहणारं रक्त फडक्यानं दाबून धरायचं आणि मान सरळ ठेवायची, एवढं ठाऊक असतं तरी पुष्कळ फरक पडला असता. पण मुळात थांबायलाच लोक घाबरत. ‘पोलीस केस आहे’ म्हटलं की दवाखानेही हात झटकायचे. अशाच एका स्कूटरस्वाराला जवळच्या दवाखान्यानं घेतलं नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या दवाखान्याकडं नेताना तो वाटेतच गेला. त्यावरून १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं: सरकारी असो वा खासगी, डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला मात्र २०१६ उजाडलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात आलं.

कर्नाटकात १०८ नंबरची मोफत ॲम्ब्युलन्स सुरू झाली १ नोव्हेंबर २००८ ला. कर्नाटकाच्या स्थापनेचा, राज्योत्सवाचा दिवस, आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस. गाडी मात्र सगळ्यांच्याच दारात आली. महाराष्ट्राची १०८ आली २०१४ साली. नंबर एकच असला तरी केंद्रं वेगळी: कागलच्या आसपास मोबाइल ज्या राज्याचा टॉवर पकडेल, तिकडं फोन लागतो. त्यामुळं आधी गावाचं नाव सांगावं, मग बाकीचं.

पैशाचा प्रश्न राहिलाच होता. २०१६ च्या फेब्रुवारीत नेलमंगलजवळ ट्रकच्या धडकेनं मरणाच्या दारात असलेल्या हरीश नावाच्या तरुणानं ‘माझे अवयव दान करा’ असं सांगितलं. त्याच्या नावानं कर्नाटकानं सांत्वन योजना काढली: पहिल्या ४८ तासांत २५ हजारांपर्यंत मोफत उपचार, जखमी कुठल्याही राज्याचा असो. सीमाभागाला ती अट नसणंच मोलाचं होतं. उलट २०२३ साली महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या, पण महाराष्ट्र हक्क सांगत असलेल्या सीमेवरच्या ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटक सरकारनं हरकत घेतली आणि दवाखान्याच्या बिलावरही सीमावाद चढला.

मे २०२५ मध्ये रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना अधिसूचित झाली. सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार, देशभर, योजनेतल्या रुग्णालयांत. निपाणीची गाडी आता उत्तरेला वळो की दक्षिणेला, नियम तोच लागतो. जवळचं कुठलं रुग्णालय त्या यादीत आहे, हे मात्र अपघाताआधीच विचारून ठेवलेलं बरं.