भंगारातला हँडहेल्ड गेम

भंगारातला हँडहेल्ड गेम : बंद पडलेल्या उपकरणांतून काढलेले सुटे भाग जोडून घरी तयार केलेले, सेलवर चालणारे आणि दोन्ही हातांत धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र. त्यावर मुख्यतः १९८० आणि १९९० च्या दशकांतले गेम खेळले जातात. पडदा, सेल, बटणे, स्पीकर आणि प्रत्यक्ष गेम चालवणारा बोर्ड हे त्याचे घटक. बोर्ड पुष्कळदा नवा घ्यावा लागतो. बाकीचे भाग सांगली-मिरजेत मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत, गाड्यांच्या ॲक्सेसरीज बसवणाऱ्यांकडे किंवा भंगारवाल्याच्या ढिगात सापडू शकतात. डाख लावायला चार-आठ दिवसांत जमते. हातात आलेला जुना भाग अजून कामाचा आहे की मेलेला, हे ओळखायला मात्र फार वेळ लागतो. म्हणून या नोंदीत जास्त जागा पारखीला दिली आहे.

पूर्वपीठिका : जुन्या, स्वस्त भागांतून खेळ उभा करण्याची कल्पना भंगारवाल्यांची नाही, ती या उद्योगाच्या मुळाशीच आहे. जपानमधल्या निन्टेन्डो या गेम बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांनी १९८० साली ‘गेम अँड वॉच’ आणला. कॅल्क्युलेटरमुळे एलसीडी पडदे तोवर स्वस्त आणि भरवशाचे झाले होते, तेच त्यांनी खेळासाठी वापरले. या विचाराला त्यांनी दिलेल्या जपानी नावाचा भावार्थ ‘मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा करता येईल. १९८२ साली त्याच मालिकेतल्या एका गेमवर अधिक चिन्हासारखे दिशांचे बटण आले आणि ते आजतागायत टिकून आहे. १९८९ चा ‘गेम बॉय’ही याच वाटेने गेला : १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, चार छटांचा, मागून प्रकाश नसलेला पडदा आणि चार पेन्सिल सेल. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सचा पडदा रंगीत होता, पण सहा सेल काही तासांत संपत. बाजार गेम बॉयने जिंकला.

घरच्या गेमचे मोठे खोके कापून हातात मावेल असे करण्याच्या छंदाला अमेरिकेतल्या बेन हेकेनडॉर्न यांनी २००० साली अटारी २६०० ची सुटसुटीत आवृत्ती बनवली तेव्हापासून बहर आला. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरात रास्पबेरी पाय झिरो हा ६५ गुणिले ३० मिलिमीटरचा संगणक पाच डॉलर किमतीला निघाला आणि काम पुष्कळ सोपे झाले.

टीव्ही गेमचा मार्ग : महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी पाहिला तो ‘टीव्ही गेम’ म्हणजे जपानमध्ये १९८३ साली आलेल्या निन्टेन्डो फॅमिकॉमची नक्कल. त्याच्या कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणत. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकायची, पुन्हा दाबायची. गुण यायचा तो फुंकरीने नव्हे, तर काढून पुन्हा बसवताना साठ पिना घासल्या जायच्या त्यामुळे. फुंकरीतला ओलावा उलट पिना काळ्या करतो. माळ्यावर पडलेली अशी कॅसेट सापडली तर पिना पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून बघाव्यात.

असा जुना टीव्ही गेम उघडला की आत खोक्याच्या मानाने अगदी लहान बोर्ड निघतो. सगळे गणित एका-दोन काळ्या थेंबांखाली असते. चिप थेट बोर्डवर बसवून वरून राळेसारखा घट्ट लेप ओतलेला असतो. जवळ तीन पायांचा ७८०५ हा रेग्युलेटर दिसतो. ९ व्होल्टच्या अडॅप्टरमधून ५ व्होल्ट काढताना उरलेले ४ व्होल्ट तो उष्णता करून घालवतो. सेलवर चालवायच्या यंत्रात ही उधळपट्टी परवडत नाही. तो उपसून काढावा आणि त्याच्या ज्या पायातून ५ व्होल्ट बाहेर पडत, त्या पायाच्या जागी थेट ५ व्होल्ट द्यावेत. पत्र्याची जी डबी टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल तयार करते, तिच्यात शिरणाऱ्या तारांमध्ये एक वीज, एक चित्र आणि एक आवाज असतो. चित्राची तार डबीआधीच काढून घेतली की कंपोझिट सिग्नल, म्हणजे अख्खे चित्र एकाच तारेवरून नेणारा सिग्नल, मिळतो. यात सॉफ्टवेअर नाही, मेमरी कार्ड नाही. बटण दाबताच गेम सुरू. नवशिक्याने पहिले यंत्र याच मार्गाने करावे असे माझे मत आहे, कारण काय बिघडले ते मल्टिमीटरने शोधता येते.

पडदा : गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा ४.३ इंची पडदा या कामाला फार सोयीचा. गाडीत मोठा अँड्रॉइड पडदा बसवताना हा निघतो आणि गॅरेजमध्ये पडून राहतो. त्याला कंपोझिट सिग्नल चालतो. अडचण एवढीच, की तो १२ व्होल्टवर चालतो. पण आत १२ व्होल्ट उतरवणारी एक चिप असते. पडदा १२ व्होल्टवर सुरू करून त्या चिपजवळच्या कॉइलच्या पलीकडच्या टोकाला मल्टिमीटर लावावा. तिथे ५ व्होल्टच्या आसपास दिसले, तर वीज बंद करून ती चिप काढून त्या टोकाला थेट ५ व्होल्ट देता येतात. ३.३ व्होल्ट दिसले तर तिथे ५ व्होल्ट देऊ नयेत, पडदा जागीच जळतो. चित्र नुसते काळे-पांढरे आले तर पडदा बिघडलाच असे नाही. पाल आणि एनटीएससी या रंगीत टीव्ही-चित्राच्या दोन पद्धतींचा मेळ बसलेला नसतो.

फुटलेल्या मोबाइलचा चांगला डिस्प्ले वापरता येईल का, असे जवळपास प्रत्येक जण विचारतो. व्यवहारात येत नाही. त्याला सुरू करणाऱ्या सूचना प्रत्येक मॉडेलच्या वेगळ्या असतात आणि त्या कंपनीबाहेर सहसा मिळत नाहीत. त्यापेक्षा टच गेलेला पण चालू असलेला अख्खा फोन घ्यावा आणि ओटीजी केबलने त्याला जुना यूएसबी गेमपॅड जोडावा.

बोर्ड आणि गेम : रास्पबेरी पाय झिरोवर ‘टीव्ही’ असे छापलेल्या दोन टिकल्यांवरून कंपोझिट चित्र निघते, म्हणजे वरचाच पडदा चालतो. त्यावर रेट्रोपाय किंवा रिकॅलबॉक्स ही मोफत प्रणाली टाकतात. तिच्यातला इम्युलेटर जुन्या यंत्राच्या प्रोसेसरची प्रत्येक सूचना वाचून तिचे काम स्वतः करतो. मूळ फॅमिकॉमचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोक्यांवर चाले, पाय झिरोचा १०० कोटींवर. ही नक्कल त्याला सहज पेलते. आवाजासाठी पाय झिरोला जॅक नाही. तो दोन पिनांवरून काढून, रोधक आणि कपॅसिटरने गाळून पीएएम ८४०३ या छोट्या ॲम्प्लिफायरला द्यावा लागतो. वीज अचानक तोडली की मेमरी कार्डावरची फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी यंत्र उठत नाही. म्हणून बंद करण्याचे वेगळे बटण हवेच.

गेमच्या फाइल इंटरनेटवर सहज सापडत असल्या, तरी बहुतेकांचे हक्क अजून मालकांकडे आहेत. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला तिच्यावरूनच सुरक्षेपुरती प्रत करता येते. भलत्याच ठिकाणाहून उतरवलेल्या फाइलला ती मुभा लागू होत नाही. छंदी लोकांनी जुन्या यंत्रांसाठी नव्याने लिहून मोफत दिलेले गेमही पुष्कळ आहेत.

बटणे आणि डबा : टीव्ही गेमच्या जुन्या रिमोटमधले रबरी पॅड सगळ्यांत उत्तम. रबराखालची काळी टिकली कार्बनची असते आणि ती बोर्डवरच्या दोन पट्ट्या जोडते. ती थिनरने पुसू नये, कार्बन निघून येतो. कोरडे मऊ फडके पुरे. अस्सल रिमोटमध्ये ४०२१ ही चिप आठही बटणांची स्थिती एकामागून एक एकाच तारेवरून पाठवते, त्यामुळे आठ बटणांना वीज धरून पाच तारा पुरतात. रिमोटचा बोर्ड तसाच कापून वापरला तर बरेच काम वाचते.

डबा म्हणून वायरिंगचा पीव्हीसी बॉक्स चालतो. कानशीने घासून, एमसील भरून त्याला आकार देता येतो. स्पीकरच्या मागची बाजू मात्र बंद हवी. उघडी राहिली तर पुढची आणि मागची लहर एकमेकींना खाते आणि आवाज पत्र्यासारखा येतो. पोकळी आवाजाला काय देते, हे मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात भोपळ्यावर टिचकी मारून पाहिलेल्याला वेगळे सांगायला नको.

सेलची पारख : या कामात जीव जाऊ शकतो अशी जागा एकच, ती म्हणजे सेल. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत १८६५० जातीचे सेल असतात : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. सहा सेलच्या बॅटरीत दोन-दोनच्या तीन जोड्या असतात. एक जोडी बसली की संगणक अख्खी बॅटरी नाकारतो, पण उरलेल्या दोन जोड्या पुष्कळदा धडधाकट निघतात. खोके फोडताना स्क्रू-ड्रायव्हर आत खुपसू नये. शिवणीवर दाब देऊन उकलावे. सेलवर वेल्ड केलेल्या निकेलच्या पट्ट्या ओढून काढू नयेत, टोकाला थोड्या राखाव्यात. डाख त्या पट्टीवर लावायची. सेलवर डाख लावायची इस्त्री थेट टेकवली की उष्णता आत जाऊन पडदी दुखावते.

मग मोजणी. २.५ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल घेऊ नये. इतका रिता झाला की आतले तांबे विरघळते आणि पुढे चार्ज करताना भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते. जो सेल ठीक वाटतो तो ४.२ व्होल्टपर्यंत भरावा, भरताना हात लावून पाहावा. कोमट झाला तरी बाद. भरून आठवडाभर बाजूला ठेवावा आणि पुन्हा मोजावा, ४.१ च्या खाली उतरला असेल तर तो आतून गळतो आहे. दोन सेल समांतर जोडायचे असतील तर आधी दोघांचे व्होल्ट सारखे करून घ्यावेत.

चार्जिंगला टीपी ४०५६ चा छोटा बोर्ड वापरतात. तो मुळात १ ॲम्पिअरने भरतो, जुन्या सेलला हे जास्त होते. त्यावरचा १.२ किलोओहमचा रोधक काढून २ किलोओहमचा लावला की प्रवाह ५८० मिलिॲम्पिअरवर येतो. बाहेर सहा टिकल्या असलेला, म्हणजे संरक्षक चिपसह येणारा बोर्डच घ्यावा आणि चार्जिंग लावून खेळू नये, कारण सेल भरल्याचे चार्जिंगच्या चिपला नीट कळत नाही. सेलचे ३.७ व्होल्ट वर चढवून ५ करणारा बूस्ट बोर्ड वेगळा लागतो. यंत्र ५ व्होल्टवर ६०० मिलिॲम्पिअर खात असेल तर ३ वॉट झाले. वापरून १५०० मिलिॲम्पिअर-तास उरलेल्या सेलमध्ये साधारण साडेपाच वॉट-तास असतात, चढवण्यात सातवा-आठवा हिस्सा जातो, म्हणजे एका सेलवर दीड तास खेळ. तीन तास हवे असतील तर दोन सेल.

पुरातला माल : सांगलीत या पारखीला आणखी एक कसोटी आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. गावभाग, मारुती चौक या भागांतली घरे-दुकाने दिवसेंदिवस पाण्यात होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर रस्त्याकडेला टीव्ही, म्युझिक सिस्टिम, लॅपटॉप यांचे चिखलाने माखलेले ढीग लागले. त्यामागे लोकांचे संसार होते, हे विसरून त्या ढिगाकडे ‘माल’ म्हणून पाहणे मला तेव्हा जमले नाही. पण यातले बरेच सामान पुढे फिरत राहते आणि ते ओळखता यायला हवे.

पुरातला बोर्ड वरून धुतलेला असला तरी चिपच्या पायांमागे काळ्या मातीची बारीक रेघ राहते. ती ओल धरून ठेवते आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. असा बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुवावा आणि कित्येक दिवस वाळवावा. रबरी पॅड, प्लॅस्टिकचे डबे, स्क्रू वाचतात. कागदी पडद्याचे स्पीकर आणि छोटे टॅक्ट स्विच वाचत नाहीत. स्विचच्या आत गाळ बसलेला असतो.

सेल तर कधीच घेऊ नये. २०१९ नंतर ओळखीतून मला लॅपटॉपची एक बॅटरी मिळाली होती. सेल चकचकीत दिसत होते, मल्टिमीटरवर ३.६ व्होल्ट. चार्जिंगला लावलेला पहिला सेल वीस मिनिटांत हातात धरवेना. तो अंगणात वाळूच्या बादलीत टाकला, रात्रभर तिथेच ठेवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सेलच्या अधिक टोकावरचे प्लॅस्टिकचे वेष्टन नखाने उचलले, तर खालच्या पांढऱ्या चकतीच्या कडेने गंजाचे पूर्ण कडे होते. त्या टोपीखाली वायू बाहेर सोडण्याची भोके असतात आणि पाणी तिथे तुंबून राहते. तेव्हापासून कुठलाही जुना सेल हातात आला की मी व्होल्ट मोजण्याआधी ती चकती उचलून बघतो.

बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते प्लॅस्टिकच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवावेत आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावेत. घंटागाडीत टाकू नयेत : कचरा दाबताना असा एक सेल चिरडला, तरी गाडी पेटू शकते.