पाणी उतरल्यावर तुटणारी जमीन

मिरजेच्या पूर्वेला आरग, बेडग, नरवाडकडे पानमळे आहेत. शेवरी, शेवगा, हादगा लावायचा, त्यावर वेल चढवायचा, दरवर्षी तो उतरवून पुन्हा मातीत घालायचा. सुरुवातीला नुसता खर्च, मग कित्येक वर्षं पानं खुडायची. पश्चिम बंगालमध्ये हुगळीच्या मुखाशी घोडामारा नावाचं छोटं बेट आहे, तिथली माणसंही पानाच्याच शेतीवर जगतात. तिथे मात्र मळ्याखालची जमीनच समुद्रात जाते आहे. 1970च्या दशकापासून जवळपास निम्मं बेट गेलं. शेजारचं लोहाचरा तर पाण्याखालीच गेलं.

जमीन तुटते कशी, हे आपल्या कृष्णाकाठावरही दिसतं. पूर चढत असताना काठ सहसा तग धरतो. माती भिजून जड झालेली असते, पण बाहेरच्या पाण्याचा दाब तिला टेकू देत असतो. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो आणि आत मुरलेलं पाणी मात्र मातीतच राहतं. मग उसाच्या कडेच्या दोन-तीन सऱ्या सोडून नदीला समांतर एक भेग दिसते, आधी बोटभर रुंद. चार दिवसांनी उभ्या उसासकट ती अख्खी कड खाली बसते. वळणाच्या बाहेरच्या काठाला हे जास्त होतं, कारण तिथे प्रवाह पायथाच पोखरतो. कृष्णेला हे पावसाळ्यापुरतं. घोडामाऱ्याला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी, आणि माती सगळी नदीनं आणलेल्या बारीक, भुसभुशीत गाळाची.

आता पैशाचं. 2019च्या महापुरात सांगलीकरांनी फार सोसलं. पिकं कुजली, घरं पडली. तरी बहुतेकांची जमीन जागेवर होती आणि तिच्या सातबाऱ्यावर सोसायटीचं पीककर्ज पुन्हा उचलता आलं. पूर व्याज बुडवतो, धूप मुद्दलच घेऊन जाते. जमीन गेली की तारण गेलं, मग उरतो सावकार किंवा परमुलखातली मजुरी. घोडामाऱ्याचे कितीतरी तरुण केरळात बांधकामावर जातात.

मला यातली सर्वांत दुर्लक्षित बाब वाटते ती ही, की जमीन पाण्यात जायच्या कितीतरी आधी तिची किंमत जाते. काठ जवळ येतोय हे दिसत असताना ती कोण विकत घेईल? चार-पाच वर्षांनी पैसे फिटतील असा मळा कोण लावेल? बेटाच्या काठाचा बांध तुटला की नवा बांध आतल्या बाजूला घालतात आणि त्याच्याबाहेर राहिलेली शेतंही हातची जातात. शिवाय खारं पाणी. मे 2021मध्ये यास चक्रीवादळात सगळं बेट बुडालं. पानवेली जळल्या, गोड्या तळ्यांतले मासे मेले, भातशेतीत मीठ उतरलं.

नदीकाठच्या गावाला निदान मागे सरकायला जागा असते. बेटावर मागे सरकलं की पलीकडचा किनारा येतो. म्हणून घोडामाऱ्याची कुटुंबं जवळच्या मोठ्या सागर बेटावर वसवली गेली. आधी गेलेल्यांना कसायला शेत मिळालं, नंतरच्यांच्या वाट्याला तुकडा लहान होत गेला.

सरकारी मदतीची गणितं पुराची सवय असलेली आहेत. 15व्या वित्त आयोगानं धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी आणि धुपेनं विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी रुपये सुचवले, ते मोठंच पाऊल. पण 2022-23 ते 2025-26साठीच्या केंद्राच्या निकषांत, नदीनं पात्र बदलून जमीन नेली तर मदत हेक्टरी 47,000 रुपये, तीही फक्त अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. ऊसपट्ट्यातल्या कुणालाही विचारा, या रकमेत नवी जमीन किती गुंठे येईल. आणि महसुली कागदावर नाव असेल तरच ही मदत मिळते. खंडानं किंवा वाट्यानं कसणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच पडत नाही, मग ते शेत कृष्णेकाठचं असो की घोडामाऱ्याचं.