‘बरं दिसत नाही’ : एका घरगुती वाक्यामागची गोष्ट

आमच्या बेळगावातल्या शहापुरात शेजारून आलेला डबा रिकामा परत जात नाही. संक्रांतीला पलीकडच्या कानडी काकूंनी शेंगापोळी पाठवली की डबा धुऊन, पुसून त्यात निदान मूठभर साखर तरी घालायची. लहानपणी मी एकदा घाईत तसाच रिकामा न्यायला निघालो, तर आत्तीनं दारातच अडवलं. “रिकामा डबा घेऊन जायलास? बरं दिसतंय काय ते?” काकूंच्या घरातही वेगळं काही नव्हतं. त्यांच्या मुलानं आमच्याकडच्या तिळाच्या वड्या मोजून घेतल्या तेव्हा काकू त्याच्यावर खेकसल्या, “छंद काणंगिल्ला!” शब्दाला शब्द लावला तर ‘छान दिसत नाही’.

यातलं कुणी ‘पाप लागेल’ म्हणालं नाही, आणि नियम काय आहे तेही सांगितलं नाही. वागणं चुकलं होतं, पण त्याची तक्रार डोळ्यांनी केली होती. मराठीत हे जागोजागी सापडतं. वाईट वागणाऱ्याला आपण ‘तुला हे शोभत नाही’ म्हणतो. चारचौघांत फजिती झाली की ‘शोभा झाली’. ‘चांगला’ हा शब्द माणसालाही लागतो आणि शालूलाही. नीती आणि सौंदर्य हे कॉलेजात दोन वेगळे पेपर असतील, पण आमच्या स्वयंपाकघरात ते एकाच डब्यातून येतात. हे कसं झालं, याचा माग काढत गेलं तर बरंच मागं जावं लागतं. वाटेत आमच्या जिल्ह्यातली काही गावंही लागतात.

जुन्या काव्यशास्त्रात यासाठी ‘औचित्य’ असा शब्द आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्रानं त्यावर ग्रंथच लिहिला आणि औचित्य हा रसाचा प्राण मानला. त्याचा एक श्लोक मला फार आवडतो. गळ्यात कमरपट्टा, कमरेला हार, हातात नूपुर, पायांत बाजूबंद घालून कुणी आलं तर लोक हसतील, असं तो म्हणतो. त्याच दमात पुढे, नमलेल्या माणसावर शौर्य आणि शत्रूवर करुणा दाखवणाराही असाच हास्यास्पद ठरतो. दागिने कुठे घालावेत आणि शरण आलेल्याशी कसं वागावं, हे दोन प्रश्न त्यानं एकाच श्लोकात बसवले आहेत. मध्ये साधं ‘तसंच’ म्हणण्याचीही त्याला गरज वाटली नाही. आत्तीनं क्षेमेंद्राचं नाव ऐकलेलं नाही, पण दोघांचं जमलं असतं.

काश्मीर लांब आहे. जवळचा पुरावा क्षेमेंद्राच्या आधीचा, नवव्या शतकातला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या दरबारात ‘कविराजमार्ग’ हा ग्रंथ झाला. कानडीत आज हाती असलेला हा सगळ्यांत जुना ग्रंथ, आणि तो काव्य कसं लिहावं याबद्दलचा. त्यात कन्नड नाडू, म्हणजे कानडी मुलूख, कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितला आहे. (या एका ओळीवर आमच्याकडे सबंध संध्याकाळ भांडण चालू शकतं, म्हणून पुढे जातो.) अस्सल कानडीचा गाभा म्हणून चार गावं दिली आहेत: किसुवोळल म्हणजे पट्टदकल, कोप्पळ, पुलिगेरे म्हणजे लक्ष्मेश्वर, आणि ओक्कुंद. हे ओक्कुंद आमच्या बेळगाव जिल्ह्यातलं. इथली माणसं अक्षरं न शिकताही काव्यात मुरलेली आहेत, असं कवी सांगतो. आणि अलंकार, दोष, गुण असं सगळं मांडताना एके ठिकाणी तो म्हणतो, खरं सोनं कशाला म्हणायचं, तर दुसऱ्याचा विचार आणि दुसऱ्याचा धर्म सोसता येणं. काव्यशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य कशाला, असं आजच्या प्राध्यापकाला वाटेल. त्या कवीला तसं वाटलेलं दिसत नाही.

बाराव्या शतकात बसवण्णांनी हाच धागा बोलण्याकडे वळवला. त्यांचं एक वचन आमच्या भागात मराठी घरांतल्या पोरांनाही ऐकून पाठ असतं, ‘नुडिदरे मुत्तिन हारदंतिरबेकु’. बोललं तर मोत्यांच्या हारासारखं असावं, माणकाच्या तेजासारखं, स्फटिकाच्या शलाकेसारखं असावं, लिंगानंही ऐकून ‘होय, होय’ म्हणावं. इथवर नुसता दागिन्यांचा बाजार वाटतो. शेवटी फटका येतो: बोलण्यासारखं चालणं नसेल तर कूडलसंगमदेव, म्हणजे बसवण्णांचा देव, कसा प्रसन्न होईल? नुडी म्हणजे बोल, नडे म्हणजे चाल. तुकोबांचं ‘बोले तैसा चाले’ याच घरातलं.

ज्ञानेश्वरांनी तर एका ओवीत चौघांना एकत्र बसवलं. ‘साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ । शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥’ खरं, मऊ, मोजकं आणि रसाळ. यातले पहिले दोन गुण नीतीचे, शेवटचा सौंदर्याचा, आणि मधला ‘मितले’ कुठल्या खात्यावर मांडायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ही ओवी ज्ञानेश्वरीत (१२९०) तेराव्या अध्यायात येते, अहिंसेचं वर्णन चाललेलं असताना. कविता कशी असावी हे सांगायला ती लिहिलेली नाही. दुसऱ्याला लागू नये म्हणून कसं बोलावं, हे सांगायला लिहिली आहे.

त्याच ज्ञानेश्वरांना सौंदर्याचा जो मोठा झटका बसला तो कानडी होता. ‘कानडाऊ विठ्ठलु कर्नाटकु, येणें मज लावियेला वेधु’. जाणकार इथल्या ‘कानडा’ शब्दाचा ‘न कळणारा’ असाही अर्थ लावतात. सीमेवर राहणाऱ्याला दोन्ही अर्थ एकदम पटतात. पाया पडायला जावं तर पाऊलच दिसत नाही, समोर उभा की पाठमोरा तेही कळत नाही, ‘शब्देंवीण संवादु’ मात्र चालू आहे. सुंदर काही भेटलं की आपली मोजमापं कशी गळून पडतात, याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. बेळगावहून पंढरीला जाणाऱ्या दिंडीत मराठी अभंग म्हणणारा आणि घरी बायकोशी कानडीत बोलणारा वारकरी आजही भेटतो. त्याला यात विशेष काही वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही जुनी समजूत दिव्यांच्या उजेडात, रंगमंचावर आली. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या दरबारात झाला. तो पाहून राजांनी विष्णुदास भाव्यांना आपल्या भाषेत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानातच होतं. त्याच १८४३ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. (गुर्लहोसूरच्या मातीत काहीतरी असावं. लक्ष्मणराव किर्लोस्करही तिथलेच. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, तर काही रंग नीट ओळखूच येत नाहीत असं कळलं. मग यंत्रांकडे वळले आणि पुढे लोखंडी नांगर घडवला.) अण्णासाहेबांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं, मग ‘सौभद्र’. पदांना त्यांनी साक्या-दिंड्यांबरोबर कानडी चालीही बेधडक लावल्या. ज्या चाली आपण ‘अस्सल मराठी’ म्हणून गुणगुणतो त्यांतल्या काहींचं माहेर मलप्रभेकाठी आहे.

तेव्हाच्या ‘बऱ्या’ घरांत मात्र नाटक पाहणंच बरं दिसत नव्हतं, मग त्यात काम करणं दूरच. बायकांची कामं पुरुष करत. आणि याच बदनाम जागेवरून एक नैतिक प्रश्न घराघरांत शिरला. गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकलेले, तिथे शिक्षक म्हणून राहिलेले आणि किर्लोस्करांच्या तालमीत तयार झालेले. त्यांचं ‘शारदा’ १८९९ चं. पैशासाठी बाप आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघतो. ‘मूर्तिमंत भीति उभी’ हे पद बायका दळताकांडताना म्हणू लागल्या आणि त्यातली भीती त्यांच्या ओळखीची होती. सभेतलं भाषण बायकांपर्यंत पोचत नव्हतं, पद पोचलं. पुढे १९२९ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा कायदा झाला, मुलीचं वय निदान १४ आणि मुलाचं १८. त्याला लोक ‘सारडा कायदा’ म्हणत. तो मांडणारे हरबिलास सारडा होते, पण कित्येक मराठी माणसांनी ते नाव देवलांच्या शारदेचं आहे असं खुशाल धरलं. चूक खरी, तरी अगदीच अस्थानी म्हणवत नाही.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की डोळ्यानं न्याय करायची ही रीत किती गोड. तसं नाही. बघणारा डोळा कुणाचा, हा प्रश्न राहतोच.

१९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी अध्यक्ष, त्यांच्या आयुष्यातलं अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत धारवाडची अकरा वर्षांची एक मुलगी होती, पुढच्या गंगूबाई हनगल. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गायच्या. घराणं गाणाऱ्या बायकांचं, म्हणजे समाजाच्या उतरंडीत खाली. गंगूबाईंनी नंतर सांगितलेली आठवण अशी की गाण्याची धाकधूक नव्हती. जेवणं झाल्यावर आपल्याला इतरांची उष्टी पानं काढायला तर लावणार नाहीत ना, याची धास्ती होती. आवाज सगळ्यांना सुंदर वाटत होता. त्या आवाजाची मालकीण पंक्तीत बसली तर ते कुणाला तरी ‘बरं दिसणार’ नव्हतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले होते. कोमकलीमठांचं कानडी घर, पुढे माळव्यातली निर्गुणी भजनं आणि मराठी नाट्यपदं. या माणसांच्या गाण्याची भाषा कोणती, असं मैफलीत कुणी विचारत नाही. पंक्तीत बसायच्या वेळी मात्र जात विचारली जायची.

सौंदत्तीचा डोंगर त्याहून अवघड. यल्लम्माच्या यात्रेत भंडारा उधळतो, चौंडकं घुमतं, डोंगर पिवळाधमक होतो आणि डोळ्यांचं पारणं फिटतं. त्याच डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या मुली देवदासी म्हणून सोडल्या गेल्या. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा १९३४ मध्ये ही चाल रोखायला एक कायदा झाला, मग कर्नाटकानं १९८२ मध्ये दुसरा केला. डोळ्याला बरं दिसणारं सगळंच बरं नसतं, हे शिकायला आम्हाला कुठल्या ग्रंथाची गरज पडली नाही. यात्रेला जाऊन आलं की पुरे.

मधल्या काळात साहित्यात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद रंगला. ना. सी. फडके एका बाजूला, वि. स. खांडेकर दुसऱ्या. दोघांचं वास्तव्य कोल्हापुरात, म्हणजे आमच्यापासून गाडीनं दोन-अडीच तासांवर. मला हा वाद नेहमी थोडा उसना वाटत आला आहे. ज्यांनी आधी दोन डबे वेगळे केले त्यांनाच कुठला डबा आधी उघडायचा हा प्रश्न पडतो. दोघांनाही उत्तर द्यायच्या फंदात न पडता बेळगावात एक बाई कविता लिहीत होत्या. निपाणीजवळच्या तवंदीच्या इंदिरा संत. १९४६ मध्ये पती ना. मा. संत गेले. पदरी लहान मुलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नोकरी. आणि ‘शेला’, ‘मेंदी’, ‘मृगजळ’ अशा एकामागून एक संग्रहांत त्या दुःखाचं अत्यंत संयमी, नक्षीदार रूप. पुढे ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेत हंबरडा नाही. विधवेनं आपल्या प्रेमाबद्दल उघड लिहावं हे त्या काळी कितीजणांना बरं दिसलं असेल कोण जाणे. ज्ञानेश्वरांचं ‘मितले’ कशाला म्हणतात ते मला त्यांच्या कवितेत कळलं.

विधवेचा विषय निघालाच आहे तर हेरवाडचं सांगायला हवं. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातलं, आमच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत महाराष्ट्र शासनानं इतर ग्रामपंचायतींनाही तसं सुचवणारं परिपत्रक काढलं. कर्नाटकात परिपत्रक लागू होत नाही, पण हेरवाडची बातमी आमच्या गल्लीत दुपारच्या चहाआधी पोचली होती. बायकांत त्यावर चर्चा झाली, म्हणजे बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

शेंगापोळीवाल्या काकूंचे यजमान त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते. पुढच्या संक्रांतीला आमच्याकडे हळदी-कुंकवाची यादी करताना आत्तीनं त्यांचं नाव घेतलं. वहिनी अडखळल्या. “आत्ती, बाकीच्या बायका येणार... बरं दिसत नाही ओ.”

आत्ती तीळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “कुणाला?”

काकू आल्या. हळदीला त्यांनी हात पुढं केला, कुंकवाला नको म्हणाल्या. आत्तीनं आग्रह केला नाही. जाताना डबा दिला तो मात्र वरपर्यंत भरून.