अध्ययन वक्र आणि पठारावस्था (क्रीडा कौशल्य)

कौशल्य शिकताना सरावागणिक होणारी प्रगती आलेखावर मांडली की जी रेषा मिळते, तिला अध्ययन वक्र म्हणतात. आडव्या अक्षावर सरावाचे दिवस, उभ्या अक्षावर मोजता येईल असे काहीही: किती गडी बाद झाले, गोळा किती लांब पडला, किती चुका झाल्या. सराव नेमाने चालू असूनही ही रेषा काही आठवडे आडवीच राहते, तेव्हा त्या टप्प्याला पठारावस्था म्हणतात. मराठवाड्यात हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पाटोद्याकडे निघाले की बालाघाटाचा सपाट माळ लागतो. गाडी चालूच असते, उंची मात्र वाढत नाही.

वक्राचा नेहमीचा आकार असा की सुरुवातीला चढ जोरात असतो आणि पुढे तो मंदावत जातो. पहिल्या महिन्यात जेवढे येते तेवढे सातव्या महिन्यात येत नाही. आरशात पाहून आकृती गिरवण्याच्या प्रयोगातून मानसशास्त्रज्ञ स्नॉडी यांनी १९२६ मध्ये ही घट एका गणिती नियमात बसवली. चुका किंवा वेळ मोजला तर रेषा उलट खाली उतरते, आणि तीच प्रगती असते. तीस मुलांच्या वर्गाची सरासरी काढली की वक्र गुळगुळीत दिसतो. एकेका मुलाची रेषा पाहिली तर ती पायऱ्यापायऱ्यांची निघते. कोणी इथे अडलेले, कोणी तिथे. पठार समजून घ्यायचे तर सरासरी बाजूला ठेवून एका मुलाची सरावाच्या नोंदींची वही उघडावी लागते.

पठाराचे पहिले नेमके वर्णन खेळाच्या मैदानावरून आलेले नाही, ते तारऑफिसातून आले. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ व १८९९ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संदेश पाठवण्याचा वेग सलग वाढत गेला, पण ऐकून घेण्याचा वेग मधेच कित्येक आठवडे थबकला आणि नंतर पुन्हा चढला. त्यांचे स्पष्टीकरण असे की शिकणारा आधी सुटी अक्षरे ऐकतो, मग शब्द, मग अख्खी वाक्ये. खालची सवय पुरती अंगात मुरत नाही तोवर वरची उभी राहत नाही, आणि ती मुरण्याचा काळ आलेखावर सपाट दिसतो.

हेच खो-खोच्या मैदानावर डोळ्यांनी पाहता येते. धाराशिव जिल्हा या खेळासाठी ओळखला जातो. तिथल्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. खांबावरचा सूर घ्या. पाठलाग करणारी मुलगी खांब गाठते, एका हाताने तो धरते, सगळे अंग बाहेर झोकून देते आणि दुसऱ्या हाताने वळसा घालून पळणारा गडी टिपते. नवशिकी मुलगी शेवटची तीन-चार पावले आखूड करते, कारण तिची नजर खांबावर खिळलेली असते. महिनाभरात पकड पक्की होते आणि समजा, दहात चार गडी टिपले जाऊ लागतात. पुढचे दीड-दोन महिने आकडा चारवरच राहतो. या दिवसांत वहीकडे न बघता तिच्या पायांकडे बघावे. पावले आता आखूड होत नाहीत. खांब हाताला आपोआप सापडतो. नजर खांबावरून एक पाऊल आधी सुटते आणि गड्याच्या कमरेवर जाते, कारण हुलकावणी कमरेतून कळते. आकड्यात यातले काहीच उतरलेले नसते. नजर पूर्ण मोकळी झाली की चारचे सहा होतात, आणि बघणाऱ्याला वाटते पोरीला अचानक जमायला लागले.

फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यशिक्षणाचे तीन टप्पे मांडले. त्यांना मराठीत आयते शब्द आहेत: समजणे, जमणे आणि अंगवळणी पडणे. तालमीतला वस्ताद ‘हात बसला’ म्हणतो तो तिसरा टप्पा. पठार बहुतेकदा जमणे आणि अंगवळणी पडणे यांच्या मधल्या वाटेवर लागते.

मात्र प्रत्येक सपाट रेषा म्हणजे आत काही मुरते आहे असे नव्हे. फ्रेड केलर यांनी तर १९५८ मध्ये तारायंत्राच्या त्या पठारालाच आभासी ठरवले. मोजमापही फसवते: वीसपैकी एकोणीस झेल घेणाऱ्याला त्या चाचणीत वर जायला जागाच उरत नाही. थकवा, अपुरी झोप, अपुरा आहार आणि एप्रिल-मेचे ऊन यांनीही रेषा आडवी पडते, आणि अशा वेळी सराव वाढवणे हे नुकसानच.

आणखी एक कारण आहे, चुकीचा हात बसण्याचे. बीड, लातूर, नांदेडच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे दिसतात. मैदानी चाचणीत मुलांना ७.२६० किलोचा गोळा टाकावा लागतो. बरेच जण तो नुसत्या दंडाच्या जोरावर लोटतात. दंड भरतात, गोळा थोडा पुढे जातो, मग महिनोन्महिने तिथेच पडतो. जोर मागच्या पायातून निघून कमरेतून खांद्याकडे यायला हवा, हे शिकवले की पहिले काही दिवस गोळा आधीपेक्षाही अलीकडे पडतो. इथेच पोरे घाबरून जुन्या पद्धतीकडे वळतात. ग्रे आणि लिंडस्टेड यांनी २०१७ मध्ये पठार, घसरण आणि झेप यांचा एकत्र विचार मांडला: पद्धत बदलली की आधी घसरण येते, झेप तिच्यानंतर. प्रशिक्षकाने ही घसरण मुलाला आधीच सांगून ठेवली पाहिजे. भरतीची तारीख तोंडावर आली असेल तर पद्धत बदलूच नये.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांची ३,००० मीटर स्टीपलचेसमधली (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीतली) वाटचाल या संदर्भात पाहण्यासारखी आहे. २०१८ मध्ये ८ मिनिटे २९.८० सेकंदांत धावून त्यांनी गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ही वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंदांवर आली. चार वर्षांत १८.६० सेकंद. पुढची सुधारणा, ८ मिनिटे ०९.९१ सेकंद, पॅरिसमध्ये जुलै २०२४ मध्ये झाली. जवळपास दोन वर्षांत १.२९ सेकंद. मधल्या काळात, २०२३ मध्ये, त्यांनी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. शर्यतीच्या वेळेत दमसास, शर्यतीची चाल, हवामान असे बरेच काही मिसळलेले असते, म्हणून हा आलेख निव्वळ कौशल्याचा वक्र म्हणून वाचू नये.

सरावातली कामगिरी आणि प्रत्यक्ष शिकणे यांतही फरक आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये दाखवले की एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसतात, पण काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली की आलटूनपालटून सराव केलेले सरस ठरतात. एकच डाव पन्नास वेळा मारण्यापेक्षा तीन डाव मिसळून मारलेले बरे ते यासाठी. आकडा कमी दिसेल, तो दिसू द्यावा.

मराठवाड्यात एक सपाट रेषा वेगळीच असते, आणि ती ठासून सांगायला हवी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. सोबत गेलेल्या मुलांचा सराव पाच-सहा महिने तुटतो. परतल्यावर आकडे घसरलेले दिसतात आणि ‘याच्यात दम नाही’ असा शेरा पडतो. हे पठार नव्हे, हा खंड आहे. विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे एबिंगहाऊस यांनी स्मरणाच्या प्रयोगांतून १८८५ मध्येच दाखवले होते, आणि मैदानावरही तसाच अनुभव येतो. अशा मुलाच्या वहीत जाण्याची आणि परतण्याची तारीख लिहावी, वक्र परतल्याच्या दिवसापासून नव्याने काढावा आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे संघनिवडीसाठी धरू नयेत.