मांडलेलं विधेयक आणि झालेला कायदा

५ डिसेंबर २०२५ च्या संध्याकाळी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला, ‘मामा, कायदा आला! ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन नाही उचलला तरी चालणार.’ सोबत अंगठे, फटाके, सगळं. त्याच रात्री साडेदहाला त्याचा कॉल होता आणि त्याने तो मुकाट घेतला.

झालं एवढंच होतं, की बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक मांडलं होतं. हिंजवडी त्यांच्याच मतदारसंघात येते, त्यामुळे बातमी आमच्याकडे जरा जास्तच फिरली. याच विषयावरचं विधेयक त्यांनी २८ डिसेंबर २०१८ लाही मांडलं होतं. दोन्ही वेळा वार शुक्रवार, आणि हा काही योगायोग नाही.

मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेलं विधेयक ते खासगी विधेयक. लोकसभेत शुक्रवारच्या कामकाजाचे शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांचे. एक महिना आधी नोटीस द्यायची, सोबत उद्देश व कारणांचं निवेदन, सरकारी तिजोरीला खर्च पडणार असेल तर वित्तीय ज्ञापन. नाव पुकारलं की सदस्य उभा राहतो, विधेयक मांडायची अनुमती मागतो, आवाजी मतदानाने ती मिळते, ‘मी विधेयक मांडतो’ म्हणून तो खाली बसतो. मिनिटभराचं काम. पुढे चर्चेला पाळी येते ती मोजक्यांची. स्वातंत्र्यानंतर दोन्ही सभागृहांनी संमत केलेली खासगी विधेयकं अवघी १४, आणि त्यातलं शेवटचं १९७० मधलं. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत शिरा, हे दोन आकडे झोपेतही सांगणारी पोरं भेटतील.

पण उभं राहून मांडण्याचा हा हक्कही आयता मिळालेला नाही.

१८६१ च्या कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कायदे कौन्सिलात बिनसरकारी सदस्य येऊ लागले. तेही नेमलेले. प्रश्न विचारायची सोय नव्हती. महसूल, धर्म, लष्कर किंवा परराष्ट्र संबंध यांना हात लावणारं काही मांडायचं असेल, तर गव्हर्नर जनरलची मंजुरी आधी घ्यायची. प्रश्न विचारायची आणि अर्थसंकल्पावर बोलायची मुभा मिळाली ती १८९२ मध्ये.

तोवर विधेयक सरकारने कलकत्त्यात मांडायचं आणि भांडण पुण्यात पेटायचं, अशी तऱ्हा. ९ जानेवारी १८९१ ला सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचं विधेयक मांडलं. संमतिवय म्हणजे ज्या वयाआधी मुलीशी शरीरसंबंध, अगदी नवऱ्याचाही, गुन्हा ठरतो ते वय. ते १० वरून १२ करायचं, एवढाच बदल. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायदा घुसवू नये, असं टिळक म्हणाले. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांतलेच आधार काढून विधेयकाची बाजू मांडली. शहर दोन तटांत विभागलं. १९ मार्चला, म्हणजे सव्वादोन महिन्यांत, कायदा झालासुद्धा.

त्यानंतर वीस वर्षांनी त्याच कौन्सिलात पुण्याचा माणूस स्वतःचं विधेयक घेऊन उभा राहिला. आपण ज्याला एफसी रोड म्हणतो, त्याच्या पाटीवर या माणसाचं नाव आहे आणि नावाआधी ‘नामदार’. ही काही पुणेरी आदराची भर नव्हे, कौन्सिलाच्या सदस्याला लागणारी ती उपाधी. गोपाळ कृष्ण गोखले तिथे ‘अर्थसंकल्पावर बोलणारे गोखले’ म्हणून नावाजलेले. १८ मार्च १९१० ला त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करावं असा ठराव आणला आणि विचार करतो असं सरकारने म्हटल्यावर मागे घेतला. नुसत्या विचारावर काही हलेना, तेव्हा १६ मार्च १९११ ला विधेयकच मांडलं.

आज ते वाचताना नवल वाटतं ते त्यातल्या सावधपणाचं. सक्ती देशभर नाही. ज्या नगरपालिकेला किंवा जिल्हा बोर्डाला हवी असेल त्यांनी सरकारच्या मंजुरीने लावायची. तीही आधी फक्त ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना. ज्याचं उत्पन्न महिना दहा रुपयांच्या आत, त्याच्या मुलाला फी माफ. समोरच्याचा एकेक आक्षेप आधीच खोडून ठेवलेला मसुदा आहे हा, जुना प्राध्यापक दिसतो त्यात. तरी वर्षभर प्रांतिक सरकारांची मतं मागवली गेली, ती बहुतेक प्रतिकूल आली. १९१२ च्या मार्चमध्ये गोखल्यांनी मागितलं काय, तर विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे निवडक सदस्यांकडे बारकाईने तपासायला, पाठवा. दोन दिवस चर्चा झाली आणि १९ मार्चला तेवढंही १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. विरोधात काही भारतीय सदस्यही होते. पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते भाषणात सांगितलंही होतं.

१९१५ मध्ये गोखले गेले. पुढे विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कौन्सिलात जवळपास तीच कल्पना पुन्हा मांडली, या वेळी फक्त नगरपालिकांपुरती, आणि १९१८ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कायद्याखाली मुलींनाही सक्ती लावायची की आधी फक्त मुलांना, यावर १९२० मध्ये पुण्यात पुन्हा जुंपली. म्हणजे गोखल्यांनी जो मुद्दा हातचा राखून ठेवला होता, नेमका तोच. ६ ते १४ वयाच्या सगळ्या मुलामुलींचा हक्क केंद्राच्या कायद्यात यायला २००९ उजाडलं.

स्वातंत्र्यानंतर असाच प्रवास नाथ पै यांच्या विधेयकाचा. ते राजापूरचे खासदार. मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही, असा गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ च्या फेब्रुवारीत लागला. ७ एप्रिलला, शुक्रवारीच, नाथ पैंनी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. संसदेचा अधिकार परत मिळावा हा त्याचा गाभा. संयुक्त समितीपर्यंत ते पोचलं, वाद भरपूर झाला, पण १९७० च्या डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद झालं. लोकसभेत पडून असलेल्या सगळ्याच विधेयकांचं असं होतं. पुढच्याच महिन्यात नाथ पै वारले. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती आणली, तिचा रोख तोच होता.

पैशाच्या बाबतीत १८६१ ची छाया अजून पुरती हटलेली नाही. कर लावणारं विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही आणि सरकारी तिजोरीतून खर्च करायला लावणारं विधेयक त्या शिफारशीशिवाय संमत करता येत नाही. शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच येणार. खासगी विधेयकं अडतात ती पुष्कळदा इथेच.

भाच्याच्या विधेयकापुढे मात्र सध्या पाळीचाच प्रश्न आहे. अठराव्या लोकसभेची मुदत २०२९ पर्यंत आहे. तोवर पाळी आली नाही तर तेही व्यपगत होईल, आणि कुणाला तरी पुन्हा एखाद्या शुक्रवारी उभं राहून अनुमती मागावी लागेल.